तोंडाचा वास

लोअर परळ,
२५ ऑक्टोबर २०२१

चि. गुणवंतीस,
वहिनीचे आशीर्वाद. फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. चौथी शिकलेलीचं अक्षर आहे, नावं ठेवू नको. लालबागला सगळी बरी असाल. आमच्या चाळीत पाण्याची बोंब तशीच आहे. माझे डबे पुन्हा चालू झालेत, बारा जातात.

तुझ्या दादाचे रिपोर्ट आले. गेल्या वर्षी ऑगस्टात कोरोनानं दवाखान्यात होता, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त राखून ठेवलं होतं. आता पुन्हा काढलं. त्या म्हणाल्या, मेंदूच्या पेशीत धाग्यासारखं काही असतं, पेशी मोडली की त्याचे तुकडे रक्तात उतरतात. ते मोजतात. मला लगेच कळलं. माझे आबा गिरणीतून आले की डोक्यावरचा कापूस बघून आई म्हणायची, आज सूत फार तुटलं वाटतं. दादाचा आकडा तापातच चढला होता. वीस दिवस खाटेवर होता, तेव्हा. तिथे दारू कोण पाजणार होतं त्याला?

मी विचारलं, हात कापतात, रस्ता चुकतो, ते यानंच? बाई म्हणाल्या, "नुसत्या आकड्यावरून छातीठोक सांगता येत नाही. पण दारूच्या तपासण्या केल्या, त्यात काही नाही. हे पितात असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

सांगणारी मीच.

संपानंतर आबा प्यायला लागले, तुला माहीत आहे. रोज संध्याकाळी आई दारात त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची. पुढे ती थकली, मग मी घ्यायचे. बारा वर्षांची होते. माझं नाक कधी चुकलं नाही. म्हणून दादा लटपटत यायला लागला तेव्हा त्यालाही दारात उभं केलं. "तोंड उघड." आणि गेल्या भाऊबिजेला तुला फोन केला, भपकारा येतोय, दार उघडू नको.

तू ऐकलंस. दोष तुझा नाही.

तो तुझ्या दारातून फिरला आणि घर विसरला. दुसऱ्या दिवशी दादरच्या फुलबाजारात सापडला. तुझी साडी पिशवीसकट छातीशी धरलेली. हे तुला कळवलं नाही.

आणखी एक. भपकारा आला नव्हता. काहीच आलं नव्हतं. त्याच्यासोबत मलाही ताप आला होता, त्यात माझं नाक गेलं, गुणा. डबेवाल्या बाईला वास येत नाही म्हटलं तर कोण जेवेल तिच्या हातचं? म्हणून कुणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. अजून फोडणी जळली तर धूर बघून कळते.

आता तो रोज संध्याकाळी आपणहून दारात उभा राहतो, तोंड उघडतो. मी म्हणते, अरे तू पीत नाहीस, कधीच प्यायला नाहीस. तर म्हणतो, "तुझं नाक चुकायचं नाही, दमे. घेतली असेन मी. विसरलो असेन."

सहा तारखेला भाऊबीज आहे. ये. माझ्याशी बोलू नको हवं तर. ओवाळायच्या आधी त्याच्या तोंडाचा वास घे आणि त्याला मोठ्यानं सांग, दारूचा वास नाही.

तुझं नाक शाबूत आहे.

दारात उभी असेन,
दमयंती