जड हात

खर्डा,
१४ नोव्हेंबर २०२४

पंकजाताईस,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. गाय व्याली, कालवड झाली. आईचा गुडघा तसाच. तुझा फोन येतो तो आण्णांना; माझ्याशी तू वर्षभर बोललेली नाहीस, म्हणून कागदावर लिहिते.

काल आण्णा म्हणाले, "निवड चाचनीला पंकीसंगं तू जायचंय. कुस्तीच्या आदी, मधी, मागून मालीश तूच करायची. तिला दुसऱ्याचा हात चालत न्हाई."

मला हसू आलं. कर्जतला हरलीस तेव्हा हाच हात जड होता ना? सगळ्या तालमीसमोर म्हणालीस, "सुकीनं रगडून रगडून माझं अंग ढिलं केलं." बाप असून आण्णांनी मला आखाड्यातून काढलं. पाण्याला गेलं की बायका अजून विचारतात, "सख्ख्या भनीला पाडलंस व्हय गं?"

मी काय केलं ते तुला माहीत आहे. कुस्तीआधी मांड्या-पोटऱ्या हलक्या हातानं नुसत्या गरम केल्या. मॅटवर तेल चालत नाही, म्हणून दोन कुस्त्यांच्या मधे कोरड्या हातानं मान आणि खांदे मोकळे करत होते. डाव्या खांद्याला बोटं लागली आणि तू ओठ चावलास. मी म्हटलं, "ताई, आता मॅटवर उतरू नको." तू म्हणालीस, "गप. आण्णांला कळलं तर घरी बसवतील." मी गप्प बसले. खांदा तुझा गेला, बदनाम माझा हात झाला.

तालमीचा नियम आण्णांचाच. ज्याच्याकडून अंग रगडून घ्यायचं त्याचं आपणही रगडून द्यायचं, मग तो थोरला असो की धाकटा. कुस्तीनंतर तू झोपून जाईपर्यंत मी तुझे पाय चोळत बसायची. माझ्या पाठीला तुझा हात एकदाही लागला नाही. आणि मी वेडी, तुझी मेडलं माझीच समजायची!

आता मुद्द्याचं. चाचणीला मी येणार आहे, पण टॉवेल घेऊन नाही. तुझ्याच वजनगटात मी नाव दिलंय. आण्णांना वाटतं मी जामखेडला शिवणक्लासला जाते. मी तिथल्या तालमीत जाते. तिथं पोरी आळीपाळीनं एकमेकींची मालीश करतात. पहिल्या दिवशी कुणीतरी माझ्या पाठीला हात लावला आणि मला रडूच कोसळलं. त्या पोरींना वाटलं दुखलं.

तुझा खांदा अजून बरा नाही. परवाच्या कुस्तीचा व्हिडिओ पाहिला. डावा हात तू वर नेतच नाहीस. बाकीच्यांना तो डाव वाटत असेल.

आण्णांना खरं सांग. कर्जतला काय झालं तेही सांग. सांगितलंस तर मी नाव मागं घेईन, तुला डॉक्टरकडे नेईन, म्हणशील तितके दिवस खांदा शेकीन. नाही सांगितलंस, तर मॅटवर समोरासमोर येऊ. तेव्हा तो खांदा धरणार नाही, असं वचन तुला हवं असेल. ते मी देत नाही. आखाड्यात नातं नसतं, हे मला तूच शिकवलंस.

तुझी जड हाताची,
सुकन्या