गोळ्या बंद, खोकला चालू

निमोणे, १८ जानेवारी २००४, रविवार संध्याकाळ

आप्पांचे डोळे अजून पिवळेच. टीबीच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आली म्हणून डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, आणि खोकला परत सुरू झाला. पुण्यात आमचे गाईड सर म्हणतात, "औषध बंद केलं की लिव्हर सुधारतं. त्यात तुझी पीएचडी कशाला?" स्वतःच्या बापाचा असा खोकला ऐकला असता तर बोलले असते?

आज आप्पांना सगळं समजावलं. लिव्हरच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, ते पेशीचं वीजघर. गोळ्यांनी ते बंद पडलं की पेशी मरते. मला ते चालू ठेवायचंय, गोळ्या चालू असताना. त्या पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत म्हणाले, "म्हंजी व्होल्टेज पडलं की मोटार जळती, तसंच की. म्हणून आपण पिकाला पाणी द्यायचं सोडतो व्हय? कपॅशिटर बसवतो."

तीन वर्षांत मला हे सरांना इतकं सरळ सांगता आलं नाही! का? घाबरते म्हणून. बास झालं.

विषय बदलायचा अर्ज सरांनी टाईप करूनच दिला होता, माझी सही तेवढी बाकी होती. मघाशी चुलीत घातला. त्यावर आप्पांची पेज शिजतेय.