जमिनीवरून उठण्याचे दहा गुण

सन्माननीय व्याहीबुवा यांस,

हात जोडून नमस्कार (उभ्यानेच, बसून केला असता तर पत्र उशिरा पोचलं असतं, कारण पुढे येईलच).

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. फार उत्तम नसली तरी या आठवड्यापुरती माझी तक्रार नाही. खोकला गेला का? चष्म्याचा नंबर पुन्हा वाढल्याचं सूनबाईकडून कळलं. सुईत दोरा आता कोण ओवून देतं? विहीणबाई गेल्यापासून तुम्ही जेवणाच्या वेळा पाळत नाही, उजेड गेला तरी काजं करत बसता, हे बरं नव्हे, असं आमच्या घरातून सांगणं आहे (घरातून म्हणजे हिच्याकडून, माझी स्वतःची सांगणी इतकी विचारी नसतात). इकडे सगळे खुशाल आहेत. मुलाच्या लग्नात तुम्ही मला शिवून दिलेला कोटही खुशाल आहे. सात वर्षांत त्याची बटणं एकदाही लागलेली नाहीत, त्यामुळे झिजायचा प्रश्नच आला नाही. तुम्ही म्हणता माप बरोबर होतं आणि माणूस बदलला. असो.

आता मुद्द्याकडे येतो. तुमची लेक, म्हणजे आमची सूनबाई, प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमासाठी आठ महिने बाहेरगावी चालली आहे. आमच्या चिरंजीवांच्या कारखान्यातल्या पाळ्या तुम्हाला माहीत आहेतच. ते घरी येतात तेव्हा घर झोपलेलं असतं आणि घर जागं असतं तेव्हा ते झोपलेले असतात. ही दुपारी वाचनालयात असते. तेव्हा आपल्या चार वर्षांच्या नातीला, ठिणगीला, आठ महिने कोणत्या आजोबांकडे ठेवायचं हा प्रश्न निघाला, आणि फोनवर आपण दोघं एकाच वेळी "माझ्याकडे" असं ओरडलो. तिथेच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण सूनबाई पडली खेळाची शिक्षिका. तिने कुठूनसा एक कागद आणला. म्हातारा माणूस हात न टेकता जमिनीवर बसून उठतो का, एका पायावर दहा सेकंद उभा राहतो का, अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठतो, यावरून त्याची गाडी अजून किती चालेल याचा अंदाज येतो म्हणे. आजवर हा अंदाज लोक माझ्या तोंडाकडे बघून बांधत आणि सौजन्याने स्वतःपाशी ठेवत. आता त्याला गुण मिळणार होते. पंचेचाळीस वर्षं मी लोकांच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांची वयं ओळखली (केस खोटं बोलतात, मान बोलत नाही), आणि आता माझं वय ठरवणार एक शिट्टी.

सूनबाईचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गेल्या महिन्यात बालवर्ग सुटल्यावर ठिणगी माझा हात सोडून रस्त्याकडे सुसाट पळाली. मी मागून धावलो. निदान धावतोय असं मला वाटत होतं. तिला धरलं ते चौकातल्या वाहतूक पोलीसबाईंनी. मी पोचेपर्यंत बाईंचं तिला नाव, गाव आणि आवडता रंग विचारून झालं होतं. घरी मी हे हसत हसत सांगितलं. सूनबाई हसली नाही.

परीक्षा रविवारी होती, म्हणून गुरुवारी सकाळी, ठिणगी बालवर्गात असताना, सलून बंद करून सराव करावा असं ठरवलं. उभं राहण्याची मला चिंता नव्हती. मी जन्मभर उभाच आहे. गिऱ्हाईक बसतं, आपण उभं राहतो, हाच आमचा धंदा. चिंता होती जमिनीची. माझा आणि जमिनीचा तसा संबंधच उरलेला नाही. तिच्यावर पडलेले केससुद्धा मी लांब दांड्याच्या झाडूने काढतो. तरी दोन खुर्च्यांच्या मधे सावकाश बसलो. बसणं छान जमलं. उठणं मात्र येईना. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. खुर्ची धरावी तर ती फिरती, मी जोर लावला की तोंड फिरवायची. एवढ्यात दार ढकलून निवृत्त मुख्याध्यापक आत आले (कडी लावायला मी विसरलो होतो, तीही चूक माझीच). काय शोधताय म्हणाले. आता मुख्याध्यापकांना खरं सांगायची सवय शाळेतही कोणाला नव्हती. कात्रीचा स्क्रू पडलाय, असं सांगून टाकलं.

दुसरा शोधत असताना आपण नुसतं उभं राहणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. तेही खाली आले. आणि व्याहीबुवा, त्यांना स्क्रू सापडला! कात्रीचा नव्हे, खुर्चीचा. म्हणजे ती खुर्ची किती महिने कशाच्या जोरावर लोकांना सांभाळत होती देव जाणे. विजयाने स्क्रू वर धरून ते उठायला गेले आणि तसेच परत बसले. मग आम्ही दोघं बसलो. पंख्याचं बोललो, नव्या अभ्यासक्रमाचं बोललो, गुडघ्यांचं बोलायचं दोघांनीही टाळलं. शेवटी ते म्हणाले, आलोच आहे तर दाढी उरकून घ्या. साबण, ब्रश आणि वस्तरा खालच्या कप्प्यात होते, पाण्याची वाटी हाताशी होती. माझ्या हयातीत मी केलेली ती सर्वांत गुळगुळीत दाढी असावी, कारण घाई कोणालाच नव्हती. काचेतून येणारे-जाणारे बघत होते. पुढे पाण्याचे जार पोचवणारा आला. त्याने काही न विचारता आम्हाला बगलेत हात घालून एकेक करून उचललं, भिंतीशी उभं केलं आणि रिकामा जार घेऊन निघून गेला. शनिवारी एका गिऱ्हाइकाने ती खाली बसून करतात तसली दाढी मिळेल का म्हणून चौकशी केली. मी नाही म्हणालो.

रविवारी बाहेरच्या खोलीतला गालिचा गुंडाळला. सूनबाईच्या गळ्यात शिट्टी, चिरंजीवांच्या हातात कागद-पेन्सिल, सोफ्यावर ठिणगी प्रेक्षक (ती भलत्याच वेळी टाळ्या वाजवत होती, पण वाजवत होती). आधी हिने करून दाखवलं. दोन्ही काखांत वाचनालयाची पुस्तकं होती, ती खाली न ठेवता ही बसली, उठली, "एवढंच?" म्हणाली आणि दूध बघायला आत गेली. दहापैकी दहा. त्या कागदाप्रमाणे ही माझ्यानंतर पुष्कळ जगणार, आणि मी कसा ऐकत नव्हतो हे सांगायला तिला निवांत वेळ मिळणार. मग मी. खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात तेरा वेळा उठलो. एका पायावर दहा सेकंद सांगितले होते, मी शिट्टी वाजून गेल्यावरही पाय खाली ठेवला नाही. तशाच अवस्थेत फोन घेतला, चुकीचा नंबर होता, तरी त्याची नीट चौकशी केली. सूनबाईने स्वतः टाळी वाजवली. जमिनीच्या परीक्षेत थोडा मतभेद झाला. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच, एक हात टेकला तर एक गुण वजा, गुडघा टेकला तर एक वजा, असा नियम आहे. पडद्याबद्दल कागदात काहीच लिहिलेलं नाही. पडद्याचा दांडा कच्चा होता हे मी दिवाणखाना रंगवला तेव्हापासून सांगत आलोय. एकंदरीत जमिनीचे मला आठ गुण पडले आणि निकाल समाधानकारक आहे.

तेव्हा येत्या रविवारी सूनबाई शिट्टी घेऊन तुमच्याकडे येईल, त्याचं तुम्ही फार मनावर घेऊ नये. आपलं काही स्पर्धा करायचं वय नाही. कळावे, लोभ आहेच, तो वाढवताना कोटाच्या शिवणीही थोड्या वाढवता आल्या तर पाहावे.

आपला,
(उभ्या उभ्या सही करणारा) व्याही

ता. क. : तुम्ही फळीवर बसून पन्नास वर्षं शिवलंत. हातात कापड, तोंडात टाचण्या, त्यामुळे हात न टेकता उठायची तुम्हाला सवय आहे, हे मी जाणून आहे. म्हणूनच विनंती, की रविवारी उठताना एखादा गुडघा टेकावा. जमल्यास दोन्ही. ठिणगी दुपारी सलूनमध्ये येते, मोठ्या खुर्चीत फळी टाकून बसते आणि आरशातून मला हुकूम सोडते. ती आठ महिने नसली तर दुपारी बारानंतर मी काय करायचं, ते मला खरोखर सुचत नाही.

ता. क. दुसरा : हिने पत्र वाचलं. हिच्या आग्रहावरून कळवतो, की मला जमिनीचे आठ नव्हे, तीन गुण आहेत. तिन्ही बसण्याचे. उठण्याचे शून्य, आणि चिरंजीव त्याहूनही खाली जायला निघाले होते, सूनबाईने थांबवलं.

ता. क. तिसरा : हे पान ही झोपल्यावर नव्हे, ही समोर बसली असताना लिहितोय. तुम्ही मागच्या थंडीत पहाटे न्हाणीघरात पडलात, आणि भिंतीला धरून उभं राहायला तुम्हाला सकाळचे दहा वाजले. तुम्ही ते लेकीला कळवलं नाहीत, मला कळवलंत. मी ते सूनबाईला सांगितलं असतं तर ठिणगी आजच माझी झाली असती. परीक्षा ठरल्यापासून पाच दिवस जीभ वळवळली. सांगितलं नाही, सांगणार नाही. पण तुम्ही एकटे तिथे पडून होता, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही, आणि हे तुम्हाला तोंडावर बोलायला मला जमलं नसतं. म्हणून असं करा. आठ महिने इकडेच या. मागची खोली रिकामी केली आहे, खिडकीशी तुमचं मशीन बसतं, मी टेपने मोजून पाहिलं (उभ्याने). ठिणगी खाली बसली तर तुम्ही उठवा, पळाली तर निदान दोघं मिळून ओरडू. रविवारी गुडघा टेकू नका, दहापैकी दहा घ्या. मात्र एका पायावर उभे राहताना भिंत जरूर धरा, गुण गेले तरी चालतील. या वयात नवे व्याही मिळत नाहीत.