मी, गावची इन्स्टिट्यूशन

३ नोव्हेंबर
गावच्या पेपरात छापून आलं: 'आपल्या आइस हॉकी टीमचा ओरेस्ट म्हणजे एक इन्स्टिट्यूशन!' शब्दकोश काढला. संसद, बँक, विद्यापीठ यांना हा शब्द लावतात. जे कायम असतं ते. म्हणजे आता मला टीममधून कुणाचा बापही काढू शकत नाही. कोच रसल गेला उडत! बायको मार्लिस म्हणाली, माणसाला हा शब्द त्याचं वय झालं की लावतात. जळते मेली.

१० नोव्हेंबर
पहिली मॅच. पाहुण्यांच्या एका धिप्पाड गड्यासमोर हातमोजे बर्फावर फेकले. आपण फेकले की समोरच्याने फेकायचे, मग मुठी. कॅनडात, आमच्या सस्कॅचवानात हीच रीत. त्याने फेकले. त्याचं नाक फुटलं. माझे दोन दात बर्फावर. (पैकी एक आधीपासूनच खोटा.) विजय माझाच.

११ नोव्हेंबर, सकाळ
पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या मऊ उकडलेल्या करंज्या, त्यासुद्धा चाववत नाहीत. मार्लिसने कुस्करून भरवल्या. संकल्प: यापुढे पहिला ठोसा आपला.

२४ नोव्हेंबर
एकाच्या बरगड्या शेकल्या. दुसऱ्याची भुवई फोडली. तिसरा आमचाच गोलकीपर निघाला. माझा डोळा सुजलेला, दिसणार कसं? रसल बोंबलला, अरे बाबा, आता कोणी मारामारी करत नाही, खेळतात! इन्स्टिट्यूशनशी असं बोलतात?

८ डिसेंबर
पाहुण्यांच्या कोडी नावाच्या पोराला छातीने ढकललं, हातमोजे फेकले. पठ्ठ्याने फेकलेच नाहीत! म्हणे, "काका, तुम्ही माझ्या बाबांना बदडलंय, ते अजून अभिमानाने सांगतात. तुम्हाला हात लावला तर ते मला घरात घेणार नाहीत." भित्रा! संतापून ठोसा हाणला, तो हेल्मेटवर बसला. मनगट मोडलं. माझं. त्यानेच धरून बाकापर्यंत नेलं. जोरात टाळ्या. मलाच असणार.

५ जानेवारी
मध्यंतरात सत्कार. माझी चोवीस नंबरची जर्सी छताला टांगली. हुंदकाच फुटला. मग रसलला विचारलं, प्लॅस्टर निघालं की हीच घालू ना? तो म्हणाला, टांगली म्हणजे तो नंबर आता कोणीच घालायचा नाही. मी म्हटलं, म्हणजे दुसरं कोणी. तो म्हणाला, तूसुद्धा.
खाली उतरवा म्हटलं. शिडी फायर ब्रिगेडची होती, परत गेली.

१२ जानेवारी
जर्सीच्या बरोब्बर खाली, प्रेक्षकांत. दुसऱ्या पिरियडला बर्फावर जुंपली. मी ताडकन उठलो, हातमोजे काढून फेकले.
मार्लिसने ते वेचले. एक प्लॅस्टरवरून कसाबसा चढवला. म्हणाली, थंडी आहे, बस खाली.
बसलो.