बाबूसाठी कौल

६ जानेवारी १९८६, सोमवार

पार्वती काम सोडून गेली. दारात उभी राहूनच सांगितलं, आत आलीच नाही. काजूच्या कारखान्यात लागली म्हणे. म्हटलं, अगं तिथं हात सोलवटतात, चीक लागतो. म्हणाली, "लागूंदे. तितं बोलायला बायका तरी हायत. तुमच्याकडं दिवसभर या दोगांसंगं बोलून माजी अक्कल त्यांच्यायेवढी व्हायला लागली."

चिमी चार वर्षांची, बाबू दीड. मलाही रविवारी रात्री अगदी तसंच वाटतं.

रजा टाकली. फार शिल्लक नाहीत.

९ जाने.

बाबूला घेऊन टेलिफोन एक्स्चेंजला ड्यूटीवर. दुसरं करणार काय? चिमी बालवाडीत, तिथून शेजारी. बाबूला बोर्डाखाली टोपलीत बसवला, हातात बिस्किट. एका बागायतदाराचा मुंबईचा ट्रंक कॉल चालू होता, बागेचा सौदा ठरत आलेला. बाबूनं खालून जोडणीची दोरी ओढली. बोलणं तुटलं. पुन्हा लाइन लागेपर्यंत मुंबईवाला जेवायला गेला. बागायतदार चालत आला एक्स्चेंजात, कोणत्या ऑपरेटरनं तोडलं ते बघायला. ऑपरेटर टोपलीत झोपला होता.

सुपरवायझर म्हणाले, "बाई, तुमच्या चिरंजीवांना खात्यानं अजून घेतलेलं नाही. पुन्हा आणलंत तर मला वर लिहावं लागेल."

गुहागरच्या ऑपरेटरला, नलूला, सगळं ऐकू गेलं. ती सासूबाईंच्या शेजारी राहते. म्हणजे संध्याकाळपर्यंत...

११ जाने., शनि.

हे आले चिपळूणहून. बांधकाम खात्यातली बदली झाल्यापासून शनिवारचेच पाहुणे. चहा बशीत ओतता ओतता म्हणाले, "आई म्हणते, बाबूला गुहागरला ठेवा. शाळेत जाईपर्यंत. अडचण सुटते."

जसं काही कपाट हलवायचंय.

म्हटलं, शाळेत जाईपर्यंत तो मला काकू म्हणायला लागेल. म्हणाले, त्रागा करू नकोस, पाडव्यापर्यंत बघ कुणी मिळतं का, नाहीतर नेऊन सोडू. मी भांडी घासायच्या निमित्तानं मागे जाऊन रडून घेतलं. नोकरी सोडीन पण मूल देणार नाही, असं म्हणायला गेले आणि म्हणवलं नाही. चिपळूणची खोली आणि हे घर एका पगारात चालत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती नोकरी आवडते.

पाडवा एप्रिलात.

१३ जाने.

लेलेबाई आल्या. रिटायर शिक्षिका, एकट्या, गल्लीच्या टोकाला राहतात. "वेळ जात नाही, मुलं बघीन," म्हणाल्या. देव पावला.

१६ जाने.

घरात आवाज नाही. बाबू भिंतीला टेकून बसलेला, हाताची घडी. दीड वर्षाचा. चिमीला बेचा पाढा येतो. मला बघून दोघं उठून उभी राहिली.

१८ जाने.

लेलेबाईंनी काम सोडलं. मी ड्यूटीवरून दोनदा उशिरा आले म्हणून. "मुलांना शिस्त लावता येईल हो, पण पालकांना या वयात मी नाही लावू शकत."

माझी खाली मान. वर त्यांनी मला बाकावर उभं केलं नाही हेच नशीब.

२ फेब्रुवारी, रवि.

पंधरवडा शेजारी आणि अर्ध्या रजांवर काढला. आज भाजीवाल्या बाईनं जनीला आणलं. विधवा, पन्नाशीची असेल. गाव संगमेश्वराकडचं, हल्ली इथं पुतण्याकडे. काही विचारलं नाही, सांगितलं नाही. खाली बसली, बाबूला पायांवर आडवा घेतला आणि पाय हलवत राहिली. बाबू, जो माझ्याकडे तासभर थोपटूनही झोपत नाही, तो गप्प. मग घोरायला लागला.

म्हटलं, उद्यापासून या.

"तसं नाय जमायचा. देवीला इचारल्याबिगार मी काम धरत नाय. कौल लावायला लागंल."

म्हणजे गावी जाणार, गुरव देवीच्या अंगाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावणार. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी म्हटलं, अहो, मुलं सांभाळायला कशाला देवी? "तुमी तुमच्या सायबाला इचारता ना रजा घेताना?"

९ फेब्रु.

उजवा!! एस.टी.च्या कंडक्टरकडून निरोप आला, उद्या येतेय. अटी देवीकडूनच: रात्री राहायचं नाही, शिमगा आणि गणपती गावाला, मुलाला मारायचं नाही. शेवटची अट बहुतेक जनीनंच घुसवलीय. ते ऐकून हे हसले. "नोकरीच्या अटी देवी ठरवते तर पगार पण तिच्याकडूनच घे म्हणावं."

२१ फेब्रु.

बाबू गुटगुटीत झालाय. दुपारी झोपतो. मी बोर्डावर बसून लोकांची भांडणं जोडून देते आणि घरचा विचारसुद्धा येत नाही. घरी आले की जनी सांगते, "आज चार पायऱ्या चडला. खाली पडला न्हाई, पन पडनार व्हता." मला तेवढंच ऐकायचं असतं.

नलूला मुद्दाम सांगितलं, सगळं छान चाललंय. पोचू दे गुहागरला.

५ मार्च

चिमी आंघोळीला येईना. बाहुलीच्या दोन खांद्यांवर जास्वंदीच्या ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या, पुढे मांडी घालून बसली होती. "थांब, अजून सांगितलं नाही." डावी पडली. आज आंघोळ नाही. मी बळंच उचलून नेली तर किंचाळून, "तुला देवी बघून घेईल."

जनी तोंडाला पदर लावून हसत होती. मला राग यायला हवा होता, आला नाही.

२२ मार्च, शनि.

जनी शिमग्याला गेली. पालखी घरी येणार म्हणजे घर सारवायला हवं, नैवेद्य हवा. "आठ दिवसांनी येतंय." बाबू गाडीच्या मागे धावला. शिमग्याला अर्धं गाव रिकामं, दुसरं कुणी मिळणं शक्यच नाही. उरलेल्या रजा टाकल्या.

३१ मार्च

जनी नाही. निरोप आला, त्याच कंडक्टरकडून, खिडकीतून ओरडून: "जनीबायला डावा लागला."

सगळा स्टँड माझ्याकडे बघत होता. जणू मीच नापास झाले.

१ एप्रिल

शेजारी, बालवाडीतल्या बाई, भाजीवाली, सगळ्यांना विचारून झालं. नाही. रजा संपली. नलूनं लाइनवरच विचारलं, "खरं का गं, डावा लागला?" हिला कोण सांगतं!

३ एप्रिल

सासूबाई आल्या. सोबत मोठी पिशवी, रिकामी. "बाबूचे कपडे मावतील ना गं हिच्यात?" अगदी प्रेमानं विचारलं. त्यांच्या प्रेमाचंच तर भय आहे मला.

पण पाडव्यापर्यंत मुलांजवळ त्याच. मी ड्यूटीवर. पाडवा पुढच्या गुरुवारी.

६ एप्रिल, रवि. (रात्री उशिरा नको म्हणून गाडीतच खरडतेय, अक्षर असं)

जनीच्या गावी जाऊन आले. हे सोबत येईनात, "मी देवीसमोर नोकरीचा अर्ज घेऊन उभा राहणार नाही." मग बाबूला कडेवर घेऊन एकटीच. चिमी आजीकडे.

जनी शेतात भाजावळीचा पालापाचोळा जाळत होती. बाबू तिला बघून जो ओरडला! तिच्या डोळ्यांत पाणी. "मना यायचा हाय गो बाय. पन भाजावळ हाय, दीर बोल्ला, न्हाई जायचा. देवीला गाऱ्हानं त्यानंच घातलान. मंग डावाच लागनार."

म्हटलं, मग मी घालते गाऱ्हाणं. लगेच दीर आला, गुरव आला, आणखी पाच-सहाजण आले. बाहेरच्या बाईनं कौल मागायचा की नाही यावर चर्चा. शेवटी गुरवानं निकाल दिला: देवीला कुणीही विचारू शकतं.

गाभाऱ्याच्या बाहेर हात जोडून उभी राहिले. गुरवानं डोळे मिटले, खणखणीत आवाजात सुरू केलं. "बा देवी माते, ह्या बायेचं एवडंसं प्वार हाय, हिला नोकरी हाय, घोव चिपळूणला हाय..." माझा सगळा संसार देवळात. पाकळ्या लावून पुन्हा डोळे मिटले. दोन्ही चिकटून बसल्या. थांबलो. कुणी खोकत नव्हतं. शेवटची गाडी जायची वेळ होत आलेली. डावी थोडी सुटली. दीर पुढे सरकला. मी, जी परवापर्यंत हसत होते, मनात म्हणत होते, पडू नको, पडू नको.

आणि बाबू जनीच्या हातातून निसटला. उंबरा ओलांडून आत गेला. गुरवाचे डोळे अजून मिटलेले. बाबूनं देवीच्या अंगावरची पाकळी ओढून काढली आणि मागे वळून सगळ्यांना दाखवली.

उजवी.

मग जो गोंधळ. दीर म्हणे, हा कौलच नाही, पोरानं ओढली. एक म्हातारा म्हणे, पोराच्या हातानं देवीनंच काढली, तिला काय हात नाहीत. कुणी म्हणे देवी विटाळली, कुणी म्हणे पोराला काही होत नसतं. गुरवानं बाबूला उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं. मग म्हणाला, हा कौल धरायचा की नाही, याचा कौल लावायला लागेल. पाडव्याला.

गाडीत बसले तेव्हा बाबूच्या मुठीत पाकळी होतीच. घट्ट धरलेली.

७ एप्रिल

सगळं सासूबाईंना सांगितलं. रागावतील म्हणून घाबरत होते. त्या पोळी लाटायच्या थांबल्या. "कुठल्या हातानं ओढलं त्यानं?"

उजव्या.

त्या परत लाटायला लागल्या. मग म्हणाल्या, "तिकडचा निर्णय लागेस्तोवर मी याला हलवत नाही. पाडवा होऊ दे." यांना फोन लावला तर हे म्हणाले, "आईसुद्धा?"

९ एप्रिल, अमावास्या

आल्यापासून सासूबाई बाबूच्या मागे पळतायत. काल त्यानं त्यांचं जपाचं पुस्तक बादलीत बुडवलं. आज त्या मला दमून म्हणाल्या, "जनी कशी गं झोपवते याला?" पाय पसरून बसवलं, बाबूला आडवा दिला, पाय हलवा म्हटलं. झोपला. किती खूश झाल्या. मग त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "आमच्या विहिरीला कठडा नाही गं. आधी मला कसं सुचलं नाही."

गुहागरच्या त्या पोफळीच्या बागेत त्या एकट्याच असतात, मामंजी गेल्यापासून. मला हे माहीत होतं. विचार कधी केला नव्हता.

११ एप्रिल, शुक्र., सकाळ

काल पाडवा झाला. हे सुट्टीला आले होते, पहाटे गेले. साखरेची माळ बाबूनं अर्धी चघळली, गुढीला अर्धीच घातली. गावात कौल लागला असेल. सकाळच्या गाडीनं जनी उतरली तर उजवा, नुसता कंडक्टरचा निरोप आला तर डावा. असं ठरलंय.

सासूबाई ओटीवर, बाबू मांडीवर, शेजारी ती रिकामी पिशवी. चिमी बाहुलीपुढे बसलीय, दोन पाकळ्या लावून. ती काय विचारतेय ते सांगत नाही.

आत्ता सासूबाईंनी रस्त्याकडे बघतच विचारलं, "सुमन, जनी आली तर मी आजच निघायचं ना?"

इतके दिवस देवीला बाबूबद्दल विचारतोय, जनीबद्दल विचारतोय. यांच्याबद्दल कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा.

वळणावर गाडीचा हॉर्न वाजला. बाबू ओरडतोय. मी अजून बाहेर गेले नाही. आधी आत जाऊन सासूबाईंची लुगडी आणि ती पिशवी ठेवायला फडताळात जागा करते, मग बघते कोण उतरलं.