गोळ्या बंद केल्या

७ मार्च

आठवा लागला. सासूबाईंनी जेवतानाच विषय काढला. "त्या गोळ्या अजून चालूच आहेत का गं?" जणू मी चोरून दारू पिते! फिट येतात मला. लग्नाआधीच सांगितलं होतं. तेव्हा म्हणाल्या होत्या, "आजार काय, कुणालाही होतो." कुणालाही — फक्त पोटुशा सुनेला नाही.

९ मार्च

नवरा म्हणतो, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. बाळासाठी एवढंही नाही करणार?"

लग्नानंतर एकदाही फिट आली नाही, म्हणजे आता येणारच नाही, असं त्याचं गणित. अरे, आली नाही ती गोळ्यांमुळेच ना! भिंतीशी बोललेलं बरं.

१० मार्च

चष्म्याच्या दुकानात, कामावर, काच घासताना हात थांबला. घासायचं चाक गरगर फिरतंय, काचेची कड त्याला टेकवायची. इथेच फिट आली तर? पोटावर पडले तर? आणि गोळीनंच बाळाला काही झालं तर? दोन्हीकडून गुन्हेगार मीच. एका गिऱ्हाइकाची काच फुटली. मालकांनी पोटाकडे बघून दुसरी काच पुढे केली.

१२ मार्च

डॉक्टरीणबाईंकडे एकटीच गेले. "धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही." हे बरं वाटलं, निदान खरं तरी बोलल्या! "पण स्वतःच्या मनानं बंद केल्या आणि मोठी फिट आली, तर तुझ्याबरोबर बाळाचाही श्वास अडकेल. किती घ्यायच्या ते मी ठरवेन, तुझी सासू नाही."

तिथे हसले. जिन्यात रडले.

१३ मार्च

सकाळची घेतली नाही. नवरा खूश. "शहाणी गं माझी!" कित्येक दिवसांनी गोड बोलला.

दुकानात यंत्रासमोर बसवेना. चाक सुरू केलं, लगेच बंद केलं. पर्समधली गोळी काढली, गिळून टाकली. नाही सोडायची. ठरलं.

घरी सांगितलं, बंद केल्या. सासूबाईंनी आपल्या हातानं ताट वाढलं. काय स्वस्तात मिळते माया!

२० मार्च

खोटं छान चाललंय. गोळ्या दुकानात, काचा पुसायच्या फडक्यांखाली.

२ मे

मुलगी! काय खणखणीत रडली!

सासूबाई दवाखानाभर सांगत सुटल्यात, "गोळ्या सोडल्या, म्हणून बघा कशी धडधाकट!" नवरा शेजारी मान डोलावतोय. मी तोंड शिवून पडले. खरं सांगितलं तर पोरीची प्रत्येक शिंक माझ्या माथी मारतील.

११ मे

नणंदेला दिवस गेलेत. तिला दमा आहे. सासूबाई माझ्याच खाटेवर बसून फोनवर तिला समजावत होत्या, "अगं, वहिनीनं सोडल्याच ना गोळ्या? झालं काही?"

फोन ओढून घेतला.

"वन्सं, मी सोडल्या नव्हत्या. खोटं बोलले. तुमचा पंप बंद करू नका!"

पलीकडून नुसती धाप ऐकू आली. मग — "वहिनी... परवापासून बंदच केलाय हो मी."