मधल्या देशाचा शिक्का

सातारा,
२४ एप्रिल १९७८

प्रिय आकाराम,

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. दोनदा कागद पुढं घेतला, तुझं नाव लिहिलं आणि घडी घालून ठेवून दिला. आज वर्कशॉपला सुट्टी आहे. जेवणं झाल्यावर साळूबाईनं वही आणि पेन माझ्यासमोर ठेवलं नि म्हणाली, "आज लिवल्याबिगर उठू नगासा." इतक्या वर्षांच्या संसारात तिनं पहिल्यांदाच मला असं दरडावलं. काम पूर्वीइतकंच आहे, अंगात ताकदही आहे, तरी मी फार शिणलोय गड्या. झोपून उठलं तरी जात नाही असला हा शीण. त्याचं कारण तुला सांगायचं आहे.

चौऱ्याहत्तर साली मी आणि तुझा धाकटा भाऊ ज्ञानू लिबियाला निघालो, ते तुला आठवत असेल. पलूसच्या स्टँडवर तू आम्हाला सोडायला आला होतास. तुझ्या आईनं, भामाकाकीनं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती आणि मला बाजूला घेऊन म्हणाली होती, "लाला, त्याला परमुलखात एकटा सोडू नगंस." मी पलटणीतून हवालदार म्हणून सुटून तीन वर्षं अर्ज करत होतो. ज्ञानूला तर पाणी उपसायच्या इंजिनाचा आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते सांगता यायचं. दोघांनाही एकाच कंपनीनं घेतलं. मला वाटलं, देवानं दार उघडलं.

आता मधल्या देशाचं सांगतो. मुंबईहून विमान थेट जात नव्हतं. वाटेत एका देशात उतरायचं, दहा तास थांबायचं आणि दुसरं विमान धरायचं. त्या देशाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांना बोल लावायचा नाही. तिथला नियम असा होता की पुढचं तिकीट असेल आणि विमानतळाच्या आतच बसून राहणार असाल, तर काही लागत नाही. पण दाराबाहेर पाऊल टाकायचं तर वाटेतल्या प्रवाशाचा व्हिसा लागतो. तो मुंबईतच पासपोर्टावर मारून घ्यावा लागायचा आणि त्याला तीन दिवस लागायचे. माझा पासपोर्ट आधी आला होता, मी शिक्का मारून घेतला. ज्ञानूचा पासपोर्ट लिबियाच्या व्हिसासकट निघायच्या आदल्या दिवशी हातात पडला. तो हसून म्हणाला, "आपल्याला कुठं भाईर जायाचं हाय? बसू की बाकड्यावर."

पहाटे उतरलो. लांबलचक हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एका टोकाला काचेचं दार आणि दारात शिपाई. नऊच्या सुमारास ज्ञानूच म्हणाला, "लालादादा, तुमच्याकडं शिक्का हाय, जावा की बघून. आल्यावर मला सांगा कसा हाय मुलूख." मी गेलो. दोन तास फिरलो. कलिंगडांचे गाडे बघितले, काचेच्या पेल्यातला कोरा चहा प्यायलो. त्याला काय काय सांगायचं ते मनात जुळवत परत आलो, तर तो खुर्चीवर पोटाशी गुडघे घेऊन पडला होता. कपाळावर घाम. म्हणाला, निघाल्यापासून दुखत होतं, पण तुमाला कशाला सांगायचं.

विमान कंपनीनं डॉक्टर बोलावला. त्यानं पोट दाबून बघितलं, एक गोळी दिली आणि सांगितलं की याला शहरातल्या दवाखान्यात न्यायला हवं. तिथला अधिकारी पन्नाशीचा होता, इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं बोलायचा. त्यानं ज्ञानूचा पासपोर्ट दोनदा चाळला. शिक्का नाही, म्हणजे दाराबाहेर सोडायला वरची परवानगी हवी, आणि त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. परवानगी दुसऱ्या दिवशीच मिळणार. मग तो माझ्याकडं वळून म्हणाला, एक वाट आहे. तुझ्याकडं शिक्का आहे. हा माझा माणूस आहे, हा देश सोडेपर्यंत मी त्याच्याजवळ राहीन, असं लिहून सही दे. मी माझ्या जबाबदारीवर आत्ता दार उघडतो.

आकाराम, कागद माझ्यासमोर होता. पेनही त्यानं पुढं केलं होतं.

माझं पुढचं विमान दोन तासांनी होतं. माझा लिबियाचा कामाचा व्हिसा दुसऱ्या दिवशी संपत होता, आणि त्यानंतरचं विमान चार दिवसांनी. सही केली तर नोकरी गेली. मी विचारलं, विमान कंपनीची माणसं याच्याकडं बघतील ना? तो म्हणाला, बघतील, पण त्यांची सही चालत नाही. गोळीनं ज्ञानूचं दुखणं तेवढ्यात जरा उतरलं होतं. मी त्याचाच आधार धरला. पोटाचंच दुखणं आहे, उद्या परवानगी येईल, याचा व्हिसा माझ्या नंतरचा आहे, हा चार दिवसांनी मागून येईल, असं मी अधिकाऱ्याला सांगितलं आणि स्वतःलाही.

ज्ञानूनं मला जा म्हटलं असतं, तर हे पत्र मी केव्हाच लिहिलं असतं. सकाळी तो जावा म्हणाला होता. दुपारी नाही म्हणाला. माझी बाही धरून म्हणाला, "दादा, नगा जाऊ." एकदाच म्हणाला. मी त्याची बोटं सोडवली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रांगेत जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी परवानगी आली. संध्याकाळी पोट उघडलं, पण आतडं आधीच फुटलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मला चौथ्या दिवशी लिबियात, कामगारांच्या छावणीत, तार मिळाली. तोवर आपल्या वकिलातीनं तिथंच अग्नी दिला होता. तू मुंबईला जाऊन अस्थी आणल्यास, तेव्हा मी वाळवंटात ट्रकचं इंजिन उतरवत होतो.

त्याच आठवड्यात मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, मी दवाखान्यात त्याच्यापाशी होतो, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, मी त्याच्या तोंडात पाणी घातलं आणि तो म्हणाला, 'आईला सांगा, मी सुखानं जातोय.' काकीला बरं वाटावं म्हणून लिहिलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला बजावलं. अर्धंच खरं आहे ते. अर्धं मी माझ्यासाठी लिहिलं.

शहात्तर साली परत येताना त्याच विमानतळावर उतरलो आणि त्या अधिकाऱ्याला शोधून काढलं. त्यानं मला लगेच ओळखलं. तो दोनदा दवाखान्यात जाऊन आला होता. म्हणाला, तुझा माणूस शेवटच्या रात्री पुष्कळ बोलत होता, लांब लांब वाक्यं, नर्सचा हात धरून. ती मान हलवायची, पण तुमची भाषा तिथं कुणाला येणार? आकाराम, ज्ञानू शेवटी काय बोलला हे जगात कुणालाच ठाऊक नाही. आणि त्याच्या जागी मी माझे शब्द घातले. काकी ते शब्द आल्यागेल्याला सांगते. मी गावी आलो की आधी मला वाढते, मग घरच्यांना. तिच्या हातची भाकरी गिळताना माझं काय होत असेल, ते तुला आता कळेल.

तू पत्रात लिहिलं आहेस की काकीची इच्छा आहे, तुझी राही आमच्या कृष्णातला द्यायची. अक्षयतृतीयेला सुपारी फोडू म्हणतोस. 'ज्या माणसानं माझ्या लेकराला शेवटचं पाणी पाजलं, त्याच्या घरात माझी नात सुखात राहील,' असं काकी म्हणाली, तेही लिहिलं आहेस. ते वाक्य वाचल्यापासून मी जेवलेलो नाही नीट. खोट्यावर तुझी लेक माझ्या दारात यायला नको, म्हणून हे लिहिलं. कृष्णातला मी परवा सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना कळवा. मग ते जे म्हणतील ते." पोरगं माझ्यापेक्षा धड निघालं. त्याला मुलगी द्यावीशी वाटली तर त्याच्याकडं बघून दे, नाही वाटली तर माझी काही तक्रार नाही. काकीला हे वाचून दाखवायचं की नाही, ते मी तुझ्यावर टाकत नाही. तू होय म्हण, मी पहिल्या एस.टी.नं येतो आणि तिच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगतो. या वेळेला सही माझी असेल.

तुझाच, अजून तू म्हणू देशील तर,
लालासाहेब